तिबिलिसीचा वळसा

बाकू आणि येरेवान या दोन राजधान्यांच्या मध्ये नकाशावर पट्टी ठेवली, तर साडेचारशे किलोमीटर भरतात. पुण्याहून नागपूर याहून लांब. पण बाकूहून येरेवानला जाणारं प्रवासी विमान नाही, आगगाडी नाही, बस नाही, आणि स्वतःची गाडी काढलीत तर ती सीमेवर अडते. जायचंच असेल तर बाकूहून विमानाने तिबिलिसीला, म्हणजे तिसऱ्याच देशात उतरायचं आणि तिथून रस्त्याने दक्षिणेकडे वळायचं. आमच्या जेवणाच्या टेबलावर दिवाळीपासून जो नकाशा पसरलेला आहे, त्यावर हा वळसा मी लाल पेनाने काढला आहे. शेजारी आमटीचा डाग आहे. तो कास्पियन समुद्रात पडल्यामुळे कुणाची हद्द बिघडलेली नाही.

येत्या मे महिन्यात अझरबैजान, जॉर्जिया आणि आर्मेनिया पाहून यायचं, असं आमचं चाललं आहे. बेत जुनाच. तो मुळात 2025 च्या मेसाठी ठरला होता. 22 एप्रिलला पहलगाममध्ये 26 माणसं मारली गेली, त्यांतली सहा महाराष्ट्रातली. मग ऑपरेशन सिंदूर झालं, तुर्कस्तान आणि अझरबैजान यांनी पाकिस्तानची बाजू घेतली, आणि बघता बघता पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांना दारं बंद केली. एका मोठ्या पर्यटन-संकेतस्थळाने तेव्हा जाहीर केलं की आठवड्याभरात या दोन देशांची नोंदणी 60 टक्क्यांनी घटली आणि रद्द होणारी तिकिटं 250 टक्क्यांनी वाढली. त्या रद्द तिकिटांत आमची सहा होती. त्याची रुखरुख मला लागली नाही. ज्या शहरातली दोन माणसं पहलगामच्या कुरणावर गेली, त्या शहरात राहून तेव्हा बॅगा भरणं बरं दिसलं नसतं.

आता डिसेंबर आहे, नकाशा पुन्हा निघाला आहे आणि घरात तीन मतं आहेत. दाजींचं, म्हणजे माझ्या ताईच्या यजमानांचं म्हणणं असं की जॉर्जिया करा, आर्मेनिया करा, बाकू गाळा. सूनबाईंना तिन्ही नकोत. जिथल्या बातम्या येत नाहीत असा एखादा देश त्यांना हवा आहे. ज्याच्याकडून आम्ही तिकिटं काढतो, तो मुलगा फोनवर म्हणाला, “काका, बाकू-तिबिलिसी सात रात्री करून टाका, सगळे तेच करतात. आर्मेनिया आणि अझरबैजान एकत्र कुणी मागत नाही.” माझं म्हणणं या तिघांनाही पटत नाही. ते असं: या भागात जायचं तर भांडणाच्या दोन्ही बाजूंना जायचं. ते जमणार नसेल तर आंबे खात घरी बसायचं, त्यातही वाईट काही नाही.

हा हट्ट माझ्या एका जुन्या चुकीतून आला आहे.

2019 च्या ऑक्टोबरात मी कामानिमित्त बाकूत होतो. काम लवकर आटोपलं आणि हाताशी चार दिवस उरले. शहर देखणं आहे. तेलाच्या पहिल्या पैशातून उभ्या राहिलेल्या दगडी हवेल्या, दुसऱ्या पैशातून उभे राहिलेले ज्वाळांच्या आकाराचे तीन मनोरे, आणि समुद्राच्या काठाने संध्याकाळी सगळं गाव ज्यावर फिरायला येतं तो लांबलचक बुलेवार. फाउंटन स्क्वेअरजवळ एक जुनं चर्च दिसलं. घुमटावर क्रूस नव्हता, दार बंद होतं. बरोबरची मार्गदर्शक मुलगी म्हणाली, “आता इथे पुस्तकं ठेवतात. ग्रंथालयाची इमारत आहे.” मला ते फार भावलं. प्रार्थनास्थळाचं ग्रंथालय! पुढच्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी लिहिलेल्या लेखात त्यावर मी एक परिच्छेद खर्च केला. सहिष्णुता, आधुनिकता, सगळं त्यात आलं. अंक बाजारात आला तेव्हा आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यातलं, काराबाख या डोंगराळ प्रदेशावरून पेटलेलं 44 दिवसांचं युद्ध नुकतंच थांबलं होतं. महिन्याभराने एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. मजकूर एका ओळीचा होता: त्या चर्चमध्ये जाणारी माणसं कुठे गेली, हे विचारलंत का?

विचारलं नव्हतं. ते संत ग्रेगरीचं आर्मेनियन चर्च. बाकूत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आर्मेनियन लाखांनी होते. 1988 पासून ते निघू लागले आणि 1990 च्या जानेवारीत झालेल्या हत्याकांडानंतर वस्ती म्हणून उरलेच नाहीत. मी त्या पायऱ्यांवर उभा राहून फोटो काढून घेतला होता.

हीच गोष्ट उलट बाजूनेही सांगता येते. येरेवानमध्ये भर रस्त्यालगत अठराव्या शतकातली निळी मशीद आहे. विटांचं आवार, तुतीची झाडं, निळ्या फरशांचा घुमट. सोव्हिएत काळात तिथं संग्रहालय होतं. 1990 च्या दशकात इराणने ती दुरुस्त केली आणि आज ती ‘पर्शियन मशीद’ म्हणून दाखवली जाते. येरेवान आणि भोवतालच्या गावांत एके काळी तुर्की बोलणारे, आज ज्यांना अझरबैजानी म्हणतात ते मुसलमान मोठ्या संख्येने राहत. तेही 1988 नंतर आर्मेनियातून गेले. मशीद पर्शियन ठरली की त्यांच्याबद्दल बोलायची गरज उरत नाही. बाकूची मुलगी माझ्याशी खोटं बोलली नव्हती आणि येरेवानचा मार्गदर्शकही बोलणार नाही. चर्चमध्ये पुस्तकं आहेतच, मशीद इराणने दुरुस्त केली आहेच. एका बाजूला गेलेल्या पाहुण्याला फसवायला खोटं बोलावंच लागत नाही, एवढाच यातला धडा मी घेतला.

पण आपण फिरायला जातो, राजकारण कशाला मध्ये आणता, असं ताई म्हणते, आणि तिच्यासारखं म्हणणारे पुष्कळ आहेत. मी आणत नाही, ताई. ते पासपोर्टातच असतं.

2019 साली बाकूहून तिबिलिसीला मी रात्रीच्या गाडीने गेलो. खालच्या बर्थवर एक म्हातारी होती. कमरेशी निमुळत्या होणाऱ्या छोट्या काचेच्या पेल्यातून ती चहा पीत होती आणि साखर चहात न टाकता खडा दातांत धरत होती. सकाळी बोयुक-केसिक स्थानकावर गाडी थांबली. अझरबैजानचं हे शेवटचं ठाणं. गणवेशातला एक पोरगेला अधिकारी डब्यात आला, माझ्या पायथ्याशी बसला, मांडीवर लहानसं यंत्र ठेवलं आणि पासपोर्टाचं एकेक पान अंगठ्याने मागे सारत पाहू लागला. युरोपचे व्हिसे त्याने झरझर उलटले. शेवटच्या कोऱ्या पानाशी येऊन त्याने वर पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला, “आर्मेनिया?” मी नकारार्थी मान हलवली. शिक्का बसला. म्हातारी इतका वेळ पेला हातात धरून माझ्याकडे बघत होती. शिक्का वाजल्यावर तिने घोट घेतला.

आर्मेनियाचा शिक्का असला म्हणून अझरबैजान परत पाठवतंच असं नाही, पण प्रश्न वाढतात. काराबाखला बाकूच्या परवानगीशिवाय, आर्मेनियाच्या बाजूने जाऊन आल्याचं कळलं, तर काळ्या यादीत नाव लागायचं. खाण्यापिण्यावर चित्रमालिका करणारे अँथनी बोर्डेन हे अमेरिकी गृहस्थ 2017 मध्ये तिथं जेवायला गेले, आणि अझरबैजानच्या परराष्ट्र खात्याने त्यांचं नाव या यादीत घातलं. 2019 च्या मेमध्ये युरोपा लीग फुटबॉलचा अंतिम सामना बाकूला होता. आर्सेनलचा हेन्रिख मखितारियान हा आर्मेनियाचा खेळाडू सुरक्षिततेच्या काळजीने संघाबरोबर गेलाच नाही. जॉर्जियाची तऱ्हा वेगळी. 2008 च्या ऑगस्टमध्ये रशियाशी झालेल्या पाच दिवसांच्या युद्धानंतर अबखाझिया आणि दक्षिण ओसेटिया, मिळून देशाचा जवळपास पाचवा हिस्सा, त्याच्या हाती नाही. रशियाच्या बाजूने अबखाझियात शिरणं हा जॉर्जियाच्या कायद्यात गुन्हा आहे, मग तुम्ही समुद्रस्नानाला गेलेले का असेनात.

नावांचंही तसंच. काराबाखच्या मुख्य शहराला आर्मेनियन स्तेपानाकेर्त म्हणतात, अझरबैजानी खानकेंदी. डोंगरमाथ्यावरचं शुशी की शुशा, हे एका स्वरावर ठरतं. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. बेळगाव म्हणायचं की बेळगावी, यावरून बोलणारा कुठला ते आपण क्षणात ओळखतो. बेळगावच्या बसस्टँडवर उतरलेला जपानी पर्यटक यात नसतो हे खरं, पण त्याने छापलेल्या पाटीवरचं नाव मोठ्याने वाचलं की भोवतालची चार डोकी त्याच्याकडे वळतातच.

तिघांत दाजींचा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. 2024 मध्ये अझरबैजानला जवळपास 2 लाख 40 हजार भारतीय गेले. त्यांचा पैसा गेला. दाजी म्हणतात, “माझ्या पेन्शनीतला एक रुपयाही त्या देशाला मिळणार नाही.” हा त्यांचा अधिकार आहे. बहिष्कार हे गरिबाचं जुनं हत्यार आहे आणि विदेशी कपड्यांची होळी ज्या पुण्यात 1905 साली पेटली, तिथं त्याची टिंगल करणं शोभत नाही. माझी अडचण दुसरीच आहे. दाजी अझरबैजान गाळून आर्मेनियाला जायचं म्हणतात तेव्हा ते तटस्थ ठिकाणी चाललेले नसतात. आर्मेनियाने 2022 मध्ये भारताकडून पिनाक रॉकेट यंत्रणा घ्यायचा करार केला. पिनाकचं हे पहिलं परदेशी गिऱ्हाईक. पिनाक कुठे घडला? आमच्या घरापासून चार किलोमीटरवर, पाषाणच्या संशोधन संस्थेत. अझरबैजानने पाकिस्तानकडून जेएफ-17 विमानं घेतली. म्हणजे आपण त्या भांडणात आधीच आहोत, आपल्या कराच्या पैशाने आणि आपल्या शहराच्या हुशारीने. असं असताना फक्त आपल्या गिऱ्हाइकाच्या घरी जेवून यायचं, त्याने सांगितलेली कहाणी ऐकायची आणि परत येऊन मित्रमंडळात ती खरी म्हणून सांगायची, याला मी सहल म्हणणार नाही. मी स्वतः ते दुसऱ्या बाजूकडून करून चुकलो आहे.

शिवाय राज्यांची मैत्री आपल्या रागाइतकी टिकत नाही. पाकिस्तान हा आर्मेनियाला मान्यताही न देणारा देश म्हणून ओळखला जाई. 2025 च्या मेमध्ये आर्मेनियाला जाणं म्हणजे शत्रूच्या शत्रूला साथ देणं, असा हिशेब पुष्कळांनी मांडला. त्याच वर्षी 31 ऑगस्टला पाकिस्तान आणि आर्मेनिया यांनी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. त्याआधी 8 ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये अझरबैजानचे अध्यक्ष अलियेव आणि आर्मेनियाचे पंतप्रधान पाशिन्यान ट्रम्प यांच्या साक्षीने एका टेबलावर बसले आणि दोघांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरं केली. हे दाजींना सांगितल्यावर ते म्हणाले, “मग आता आर्मेनियाही गाळायचा का?” हा विनोद होता की प्रश्न, ते मला अजून कळलेलं नाही.

मला स्वतःला बाकूबद्दल जी टोचणी आहे ती वेगळी आहे. अलियेव घराणं तिथं 1993 पासून सत्तेवर आहे, आधी वडील, 2003 पासून मुलगा. पत्रकार तुरुंगात जातात. 2016 पासून शहराच्या रस्त्यांवर फॉर्म्युला वनच्या गाड्या धावतात, 2024 च्या नोव्हेंबरात हवामान परिषद भरली, आणि या सगळ्या झगमगाटाचा उपयोग चेहरा धुण्याला होतो हे दिसतं. पर्यटकही त्याच साबणाचा फेस. या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. इतकंच म्हणता येईल की फेस व्हायचं की नाही हे परत आल्यावर आपण काय सांगतो यावर थोडंफार अवलंबून असतं. 2021 मध्ये बाकूत युद्धातल्या लुटीचं उद्यान उघडलं. मेलेल्या आर्मेनियन सैनिकांची शिरस्त्राणं तिथं ओळीने टांगली होती आणि सैनिकांचे मेणाचे पुतळे विद्रूप करून मांडले होते. बाहेरून ओरड झाली तेव्हा शिरस्त्राणं आणि पुतळे काढले गेले. बाहेरचं कुणी पाहतच नसतं, तर ते अजून तिथंच असते.

दोन्हीकडे जाऊन आलं की सगळं समतोल होतं, अशा भ्रमात मी नाही. 1990 च्या दशकातल्या पहिल्या युद्धात काराबाख आणि भोवतालच्या सात जिल्ह्यांतून लाखो अझरबैजानी हुसकावले गेले. अगदाम नावाचं अख्खं शहर दगड-विटा उपसून नेल्यामुळे उघडं पडलं. 2023 च्या सप्टेंबरात काराबाखमधून एक लाखाहून जास्त आर्मेनियन आठवड्याभरात, एकाच डोंगरी रस्त्याने, गाड्यांच्या टपावर गाद्या बांधून निघून गेले. तीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी समोरासमोर ठेवून ‘फिटंफाट झाली’ म्हणणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्याबरोबर चहाही घेणार नाही. अकरा रात्रींच्या सहलीत आपल्या हाती दोन अर्ध्या कहाण्या लागतील, आणि त्यांच्या कडा जुळणार नाहीत. पण एक अर्धी पूर्ण समजून मिरवण्यापेक्षा दोन अर्ध्या खिशात असलेल्या बऱ्या. निदान जीभ जरा अडखळते.

आणि शेजारी हे अशा भांडणातही एकमेकांवाचून राहिले नव्हते. जॉर्जियाच्या हद्दीत, आर्मेनियाच्या सीमेलगत सादाखलो नावाचं गाव आहे, वस्ती बहुतेक अझरबैजानी. 1990 च्या दशकात दोन्ही देशांचं युद्ध चालू असताना, आणि ते थांबल्यावरही, तिथं बाजार भरे. दोन्हीकडचे लोक तिसऱ्याच्या जमिनीवर येऊन एकमेकांना माल विकत आणि एकमेकांच्या भाषेत घासाघीस करत. पुढे जॉर्जियाच्या सरकारने तस्करीवर टाच आणली, त्यात तो बाजार गेला. तिबिलिसीहून येरेवानला जाणारा रस्ता याच गावातून जातो. आमचा लाल पेनाचा वळसाही तिथूनच. मला त्या रिकाम्या मैदानाशी दहा मिनिटं थांबायचं आहे. ताईचा प्रश्न आहे की तिथं बघायला काय आहे. काही नाही.

जॉर्जियाबद्दल थोडक्यात. तो देश सगळ्यांचा मधला म्हणून सोपा वाटतो, तसा तो नाही. युरोपीय संघात जाण्याच्या वाटाघाटी सरकारने 2028 पर्यंत बाजूला ठेवल्या, म्हणून 28 नोव्हेंबर 2024 पासून तिबिलिसीच्या रुस्तावेली रस्त्यावर रोज संध्याकाळी माणसं जमताहेत. वर्ष उलटलं तरी जमताहेत. आमच्या हॉटेलची खिडकी त्या रस्त्याकडे असावी की नसावी, यावर घरात अजून चर्चा आहे. गोव्याच्या वाचकांना जॉर्जियाशी एक जवळचा धागा ठाऊक असेल. काखेतीची राणी केतेवान हिला 1624 मध्ये शिराझला हाल करून मारलं. ऑगस्टीनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग जुन्या गोव्यात आणला. तिथल्या पडक्या मठात उत्खननात हाड सापडलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनए तपासला, आणि 2021 च्या जुलैत भारताने तो अवशेष तिबिलिसीला भेट दिला. विमानतळावर गर्दी लोटली होती म्हणे. आपल्याकडच्या एका हाडाने एवढी माणसं रस्त्यावर आलेली मी दुसरीकडे ऐकली नाहीत.

सूनबाईंचा मुद्दा सुरक्षिततेचा. तो भावनेचा नाही, कारकुनी कामाचा आहे, आणि कारकुनी काम नीट केलं की निम्मी भीती जाते. 13 जून 2025 ला इस्रायलने इराणवर हल्ले केले, तेव्हा उर्मियात शिकणारी भारतीय मुलं रस्त्याने आर्मेनियात आणली गेली आणि येरेवानहून विमानाने दिल्लीला. म्हणजे हा प्रदेश कुणाची पळवाट होतो, तसाच तो स्वतः अडकूही शकतो. पाकिस्तानचं आकाश 24 एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना बंद आहे, त्यामुळे तिकडचं उड्डाण वळसा घेऊन जातं आणि लांबतं. प्रवासविम्याच्या कागदात ‘युद्ध व युद्धसदृश परिस्थिती’ हा अपवाद जवळपास सगळीकडे असतो. तो आधी वाचायचा, नंतर सही करायची. खोल्या परतावा मिळेल अशाच घ्यायच्या. आणि परतीचं तिकीट तिबिलिसीहून काढायचं, कारण भांडण या दोघांचं पेटलं तर मधल्याच्या अंगणातून निघणं सोपं. सूनबाई हे ऐकून म्हणाल्या, “बाबा, तुम्ही सहल नाही, माघार आखताय.” यातही तथ्य आहे.

क्रम मात्र ठरलेला आहे: आधी बाकू, मग तिबिलिसी, मग येरेवान. नवा पासपोर्ट कोरा असताना बाकूच्या अधिकाऱ्यासमोर मान हलवावी लागणार नाही, इतका सोपा हिशेब. मध्ये एक जादा विमान येतं, सहा माणसांचं. जुनी रात्रीची गाडी असती तर ते लागलं नसतं. 2020 च्या मार्चमध्ये करोनासाठी बंद केलेल्या जमिनीवरच्या सीमा अझरबैजानने प्रवाशांना अजून उघडलेल्या नाहीत. रोग गेला, बंदी राहिली. बंद सीमेने देश सुरक्षित राहतो, असं अलियेव यांनी नंतर बोलूनही दाखवलं. माल मात्र हलू लागला आहे. 2025 च्या नोव्हेंबरात अझरबैजानच्या रुळांवरून, जॉर्जियामार्गे, गव्हाच्या वाघिणी आर्मेनियाला पोचल्या. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. माणसांपेक्षा गव्हावर विश्वास टाकणं सोपं जातं, गहू परत जाऊन लेख लिहीत नाही.

दाजींशी शेवटचा वाद परवा झाला तो सुरखानीवरून. बाकूजवळच्या या गावात आतेशगाह आहे, अग्नीचं मंदिर. सतराव्या-अठराव्या शतकांत मुलतान आणि पंजाबकडचे व्यापारी, बैरागी तिथं येऊन राहिले. पंचकोनी आवार, कडेने कोठड्या, मध्ये चार खांबांवरचा घुमट आणि त्याखाली आग. 2019 मध्ये मी एका कोठडीच्या दाराशी वाकलो आणि वरच्या दगडावर ‘श्रीगणेशाय नमः’ वाचलं. अक्षरं ओबडधोबड, नवशिक्याने कोरलेली, पण देवनागरी. खाली संवताचा आकडा. बरोबरची मुलगी, तीच चर्चवाली, माझ्याकडे बघत राहिली. तिने हजारदा दाखवलेला तो दगड तिच्यासमोर कुणी वाचला नव्हता. मी पुन्हा वाचला, जरा मोठ्याने. मग तिने हळूच सांगितलं की मधली आग जमिनीतून येत नाही. आसपासच्या विहिरींनी वायू उपसला आणि 1969 मध्ये ज्वाळा विझली. आता नळाने गॅस येतो. हे तिने चर्चबद्दलही असंच सांगितलं असतं का? मी तेव्हा तिला विचारलं असतं तर, कदाचित.

हे ऐकून दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पैसे तिथं द्यायचे नाहीत म्हणजे नाहीत. तुम्ही जा. आम्ही दोघं तुम्हाला तिबिलिसीला गाठतो.” ताईने तिथल्या तिथे सांगितलं की ती बाकूलाही येणार आहे. तेव्हा मुंबई ते बाकू पाच तिकिटं, बाकू ते तिबिलिसी पाच, आणि दाजींचं एक तिकीट मुंबईहून थेट तिबिलिसीला. त्या दगडाचा फोटो काढून आणा, नीट, उजेडात, एवढं त्यांनी सांगून ठेवलं आहे.